तृतीय रत्न : १२४ वर्षे अंधारात ठेवलेले नाटक आणि त्याचा नाटककार

दरवर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. नटराजाची पूजा होते, नारळ फुटतो, नांदी होते आणि भाषणात ठरलेले एक वाक्य येते की, १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले आणि मराठी नाटक जन्माला आले. त्यानंतर किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी अशी नावे ओळीने घेतली जातात. आमच्या जळगाव-धुळ्यातही हेच होते आणि शाळा-कॉलेजातल्या पोरांना हेच शिकवले जाते.

या यादीत एक नाव नसते. जोतीराव फुले!

क्रांतिबा जोतीराव फुले नाटककार होते, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? मुलींची शाळा काढणारे जोतीराव माहीत आहेत. 'गुलामगिरी' आणि 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणारे जोतीराव माहीत आहेत. सत्यशोधक समाज स्थापणारे जोतीराव माहीत आहेत. पण वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, १८५५ साली त्यांनी जे पहिले पुस्तक लिहिले ते नाटक होते आणि त्याचे नाव 'तृतीय रत्न', ही गोष्ट आंबेडकरी कार्यकर्त्यांच्या शिबिरातही क्वचितच सांगितली जाते. हा लेख त्या नाटकाबद्दल आहे, ते दडपले कसे गेले याबद्दल आहे, आणि आज मेहरूणपासून शिरपूरपर्यंतच्या आपल्या पोरापोरींनी त्याचे काय करायचे याबद्दलही आहे.

'पहिले' कोण ठरवतो?

आधी या 'पहिले'पणाचा हिशोब करू.

'सीतास्वयंवर' हे पहिले मराठी नाटक, असे म्हणतात. पण त्याच्या दीडशे वर्षे आधी तंजावरच्या भोसले घराण्यातील शहाजीराजे यांनी मराठीत नाटके लिहिली होती. 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे त्यांपैकी एक. म्हणजे भाव्यांचे 'पहिले'पणही पुस्तकी अर्थाने पक्के नाही. बरे, 'सीतास्वयंवर'चे स्वरूप काय होते? सूत्रधाराने पदे म्हणायची आणि पात्रांनी त्या अनुषंगाने आयत्या वेळी बोलायचे. पात्रांच्या तोंडची लिहिलेली गद्य संहिता त्यात नव्हती. विषय पौराणिक, आश्रय सांगलीच्या संस्थानिकांचा.

मग अभ्यासक पुढे सांगतात की, पहिले स्वतंत्र, गद्य, छापील नाटक म्हणजे वि. ज. कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे', साल १८६१. आणि सामाजिक प्रश्नावरचे मैलाचा दगड ठरलेले नाटक म्हणजे देवलांचे 'संगीत शारदा', साल १८९९.

आता ही सालेही एका ओळीत मांडून पाहा. १८५५ साली लिहिलेले 'तृतीय रत्न' स्वतंत्र आहे. ते कोणत्याही संस्कृत वा इंग्रजी नाटकाचे भाषांतर नाही. ते गद्य आहे आणि पात्रांचे संवाद पूर्णपणे लिहिलेले आहेत. ते सामाजिक आहे. त्यात राम नाही, सीता नाही, पेशवा नाही, राजा नाही. त्यात पुण्याच्या परिसरातला एक कुणबी आणि त्याची गरोदर बायको आहे. कीर्तन्यांच्या नाटकाआधी सहा वर्षे आणि 'शारदा'च्या आधी ४४ वर्षे हे लिहिले गेले. 'छापील' हा एक शब्द सोडला तर आधुनिक मराठी नाटकाचा मान 'तृतीय रत्न'कडे जातो. आणि ते छापले का गेले नाही, हीच तर खरी गोष्ट आहे!

रयतेच्या पैशाचे बक्षीस आणि भटांची भीड

पेशवाईत दरवर्षी श्रावणात पुण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. हा पैसा कुठून यायचा? रयतेच्या सारा-पट्टीतून. शेतात राबणाऱ्या कुणब्या-माळ्याचा घाम, आणि दक्षिणा वेदपठण करणाऱ्या ब्राह्मणाला. १८१८ नंतर इंग्रज आले, पण त्यांनी ही प्रथा एकदम मोडली नाही. हळूहळू रक्कम कमी केली, काही पैसा शिक्षणाकडे वळवला आणि पुढे त्याच निधीतून मराठीत चांगली पुस्तके लिहिणाऱ्यांना बक्षिसे देण्यासाठी दक्षिणा प्राइज कमिटी नेमली.

जोतीरावांनी १८५५ साली आपले नाटक या कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. पुढे १८७३ साली 'गुलामगिरी'त जोतीरावांनी स्वतः ही हकिकत नोंदवून ठेवली आहे. कमिटीतले युरोपियन सभासद आग्रही भट सभासदांच्या भिडेला बळी पडले आणि त्यामुळे आपले काही चालले नाही, असे त्यांचे सांगणे आहे. शेवटी ते पुस्तक त्यांनी बाजूला ठेवले. काही वर्षांनी 'ब्राह्मणांचे कसब' लिहिले आणि ते मात्र कोणाच्या दारात न जाता स्वतःच्या पैशाने छापले.

या प्रसंगाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. इथे कोणी जोतीरावांवर मारेकरी घातला नाही, पुस्तक जाळले नाही, बंदीचा हुकूम काढला नाही. फक्त एक समिती बसली, तिने वाचले आणि 'योग्य नाही' असा शेरा मारला. बस्स! आणि ते नाटक १२४ वर्षे लोकांसमोर आले नाही. हस्तलिखित प्रती टिकल्या म्हणून १९७९ साली 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकात ते पहिल्यांदा छापले गेले आणि त्यानंतर फुल्यांच्या समग्र वाङ्मयात त्याचा समावेश झाला. जोतीराव १८९० साली गेले. आपले पहिले पुस्तक छापलेले त्यांनी कधी पाहिले नाही.

आजही हेच चालते. अभ्यासक्रम समित्या, पुरस्कार समित्या, स्पर्धांचे परीक्षक, संमेलनांच्या निवड समित्या यांत कोण बसते, हा प्रश्न विचारला की लगेच 'जातीयवाद आणू नका' म्हणतात. पण मित्रहो, १८५५ साली जात कोणी आणली होती? नाटक पाठवणाऱ्या माळ्याने, की ते नाकारणाऱ्या समितीने?

नाटकात आहे तरी काय?

कथा साधी आहे. एक जोशी कुणब्याच्या दारात येतो. नवरा बाहेर गेलेला आहे. घरात गरोदर बायको आहे. जोशी आधी गोड बोलतो, मग ग्रहदशेचे भय घालतो. पोटातल्या मुलावर संकट आहे असे त्या बाईच्या मनात भरवतो. ती घाबरते. नवरा आला की त्यालाही या जाळ्यात ओढले जाते. ग्रहपीडा टाळायची तर मारुतीपुढे अनुष्ठान करायला हवे, ब्राह्मणांना जेवू घालायला हवे. घरात पैसा नाही, तर कर्ज काढायला हवे. जोशी, त्याचे घरचे आणि त्याचे जातभाई मिळून या अडाणी जोडप्याला कसे लुबाडतात, हे एकेका संवादातून उलगडत जाते.

पुढे एक पाद्री भेटतो. मूर्ती, देव, धर्म आणि विद्या यांवर वाद होतो. कुणबी आणि त्याची बायको ऐकतात, प्रश्न विचारतात, आपले घर कोणी आणि कसे लुटले हे त्यांना कळू लागते. आणि शेवट? शेवटी हे नवरा-बायको ठरवतात की जोतीराव आणि त्यांच्या पत्नीने काढलेल्या रात्रीच्या शाळेत शिकायला जायचे.

१८५५ सालीच फुले दांपत्याने कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा सुरू केली होती. म्हणजे नाटकाचा शेवट ही नाटककाराची कल्पना नव्हती. ती शाळा खरोखर भरत होती. प्रेक्षक नाट्यगृहातून उठून तिथे जाऊन पाटी धरू शकला असता. नाटकातला शेवटचा प्रवेश गावात प्रत्यक्ष चालू आहे, असे दुसरे मराठी नाटक मला माहीत नाही.

नावाचा अर्थही इथेच लागतो. तिसरे रत्न, तिसरा डोळा म्हणजे विद्या. दोन डोळे सर्वांना असतात, पण जोशाचे पंचांग वाचता न येणाऱ्या माणसाला त्या दोन डोळ्यांनी आपली लूट दिसत नाही. पुढे 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली हा जो विचार जोतीरावांनी मांडला, त्याचे बी या नाटकात आहे.

गरोदर बाईच का?

जोतीरावांनी जोशाचे सावज म्हणून कोणाला निवडले, हे लक्षात घ्या. सावकाराला नाही, पाटलाला नाही, एका गरोदर बाईला. हा निव्वळ योगायोग नाही.

धर्माच्या नावावरच्या धंद्याला भय लागते. आणि पोटात बाळ असलेल्या बाईइतके सहज घाबरवता येणारे दुसरे कोण असते? तिला स्वतःसाठी नाही, बाळासाठी भीती वाटते. ती नाही म्हणूच शकत नाही. जे धान्य, जे तूप तिच्या पोटात जायला हवे तेच तिच्या पोटातल्या बाळाच्या नावाने दुसऱ्याच्या पोटात जाते. १८५५ साली एका पुरुष लेखकाने हे ओळखले, याचे कारण त्याच्या घरात सावित्रीबाई होत्या आणि त्याच्या शाळेत मुली होत्या. १८४८ पासून सात वर्षे हे दोघे बायकांच्या अज्ञानाची किंमत रोज बघत होते.

आणि हे आज संपले आहे का? ग्रहण लागले की आपल्याच वस्तीत गरोदर सुनेला घरात बसवून ठेवतात. भाजी चिरू नको, सुई धरू नको, बाळाचे ओठ फाटतील म्हणून सांगतात. दवाखान्याची तारीख बाजूला राहते आणि मुहूर्त पाहिला जातो. जोशी आता दारात येत नाही, तो मोबाइलवर येतो. सकाळी टीव्ही लावला की राशी सांगतो, आणि खड्याच्या अंगठीची जाहिरात करतो. फसवणूक तीच, फक्त साधन बदलले. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ साल उजाडावे लागले, आणि तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्टला भर रस्त्यात खून झाल्यानंतर. जोतीरावांचे नाटक त्याच्या १५८ वर्षे आधीचे आहे.

विदूषक उलटा उभा केला

कलेच्या अंगाने या नाटकातील सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे विदूषक. संस्कृत नाटकातला विदूषक बहुधा ब्राह्मण असतो, राजाचा मित्र असतो, खादाड असतो आणि लोकांना हसवतो. जोतीरावांनी हे पात्र घेतले आणि त्याचे काम बदलून टाकले. त्यांचा विदूषक राजाच्या बाजूला नाही, प्रेक्षकाच्या बाजूला आहे. जोशी काही बोलला की विदूषक त्यामागची लबाडी उघडी करतो. कुणबी फसला की त्याच्या अज्ञानावरही बोट ठेवतो. तो केवळ हसवत नाही, समोर घडणाऱ्या गोष्टीचा अर्थ लावतो.

ज्यांनी नाटकाचा अभ्यास केला आहे त्यांना विसाव्या शतकातला जर्मन नाटककार ब्रेख्त आठवेल. प्रेक्षकाने रडत न बसता विचार करावा म्हणून नाटक मध्येच थांबवून भाष्य करायचे, ही त्याची पद्धत जगभर शिकवली जाते. जोतीरावांनी ब्रेख्तच्या जन्माआधी ४३ वर्षे आपल्या पद्धतीने तेच काम केले. आणि ते त्यांनी कुठून शिकले असेल? पाश्चात्त्य रंगभूमीकडून नक्कीच नाही. आपल्या मातीतल्या तमाशात सोंगाड्या काय करतो? मोठ्यांच्या बोलण्यातली हवा काढतो. बहुजनांच्या कलेत हे होतेच, जोतीरावांनी त्याला विचाराचे हत्यार केले.

तीन आक्षेप

या नाटकाबद्दल तीन आक्षेप घेतले जातात. त्यांना उत्तर दिलेच पाहिजे.

पहिला आक्षेप : याचा प्रयोग झाला नाही, यात अंक-प्रवेशांची आखीव मांडणी नाही, म्हणून हे नाटक नव्हे, फक्त संवाद आहेत. ज्या नाटकाला बक्षीस नाकारले, जे छापले नाही, त्याचा प्रयोग कोण करणार होते? आधी दार बंद करायचे आणि मग 'तू आत कधी आलाच नाहीस' म्हणायचे, हा कुठला न्याय? अंक आणि प्रवेश ही संस्कृत-इंग्रजी नाटकाची बांधणी आहे. तमाशाच्या वगालाही अंक नसतात. वग नाटक नाही असे कोणी म्हणणार आहे काय?

दुसरा आक्षेप : हे प्रचारकी आहे. असेल! पण पेशव्यांचा गौरव करणारे नाटक 'ऐतिहासिक', देवादिकांची नाटके 'सांस्कृतिक', आणि कुणब्याच्या लुटीचे नाटक तेवढे 'प्रचारकी', ही वाटणी कोणाच्या सोयीची आहे? देवलांनी 'शारदा'मध्ये जरठ-बाला विवाहावर टीका केली, तो प्रचार नव्हता का? तो होता आणि चांगला होता. मग मोजमाप एकच ठेवा.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : या नाटकात पाद्री हा ज्ञान देणारा आहे, म्हणजे हा मिशनऱ्यांचा प्रचार आहे. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्या वयात मिशनऱ्यांबद्दल आणि इंग्रजी राज्याबद्दल त्यांच्या मनात आदर होता, तो या नाटकात दिसतो. पाद्री मूर्तिपूजेवर जे बोलतो ते त्याच्या धर्माच्या आधारानेच बोलतो. आंबेडकरी वाचकाने हे झाकू नये. जोतीरावांनाही चिकित्सेपलीकडे ठेवायचे नाही, हे आपल्याला जोतीरावांनीच शिकवले.

पण शेवट पाहा. कुणबी आणि त्याची बायको बाप्तिस्मा घ्यायला चर्चमध्ये जात नाहीत. ते रात्रशाळेत जातात. मिशनरी प्रचाराचे नाटक असते तर शेवट चर्चच्या पायरीवर झाला असता. जोतीराव स्वतःही ख्रिस्ती झाले नाहीत. ते सार्वजनिक सत्यधर्माकडे गेले. आणि इंग्रज सरकारच्या शिक्षण धोरणाला त्यांनी पुढे १८८२ साली हंटर आयोगासमोर खडे बोल सुनावले. रयतेकडून महसूल घेता आणि खर्च वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर करता, प्राथमिक शाळांतले शिक्षक शेतकरी वर्गातून का घेत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी शेवटी बुद्धाचा धम्म निवडला. वाट वेगळी झाली, पण प्रश्न तोच होता : माणसाला गुलाम ठेवणारे भय कसे मोडायचे?

त्या काळात देशात काय चालले होते?

हे नाटक किती पुढचे होते हे कळण्यासाठी शेजारी पाहू. बंगालमध्ये १८५४ साली रामनारायण तर्करत्न यांनी 'कुलीनकुलसर्वस्व' लिहिले. विषय कुलीन ब्राह्मणांमधली बहुपत्नीत्वाची चाल. गुजरातमध्ये रणछोडभाई उदयराम यांना गुजराती नाटकाचे जनक म्हणतात. त्यांचे 'ललितादुःखदर्शक' १८६६ साली आले. विषय एका सुशिक्षित मुलीचे अयोग्य वराशी झालेले लग्न. दोन्ही नाटके महत्त्वाची आहेत आणि दोन्ही नाटककारांचा त्यांच्या भाषेत मान राखला जातो. गुजराती माणूस रणछोडभाईंचे नाव विसरत नाही.

फरक लक्षात घ्या. या नाटकांत वरच्या जातीतला सुधारक आपल्याच घरातल्या वाईट चालीवर बोट ठेवतो. जोतीराव घर बदलतात. ते कुणब्याच्या घरात शिरतात आणि तिथून ब्राह्मणी व्यवस्थेकडे पाहतात. बघणारा डोळाच बदलला. प्रश्न 'आपल्या चाली सुधारा' असा उरत नाही, 'आम्हाला कोण लुटते' असा होतो. १८६० साली बंगालीत दीनबंधू मित्र यांनी 'नीलदर्पण' लिहून निळीच्या मळेवाल्या गोऱ्यांची जुलूमशाही मांडली आणि तिचा देशभर गाजावाजा झाला. गोऱ्या मालकाविरुद्धचे नाटक राष्ट्रीय ठरले. घरच्या मालकाविरुद्धचे नाटक मात्र गुंडाळून ठेवले गेले.

त्याच वर्षीची दुसरी लेखणी

एक प्रश्न आपणही विचारला पाहिजे. 'तृतीय रत्न'चा नायक कुणबी आहे. महार-मांग त्याच्या केंद्रस्थानी नाहीत. मग ते आपले नाटक कसे?

याचे उत्तर त्याच सालात आहे. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदय' पत्रात मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मांग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. आम्हाला वेद वाचू देत नाहीत तर आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. म्हणजे एकाच वर्षी, एकाच चळवळीतून दोन लेखण्या चालल्या. कुणब्याच्या घरातली लूट जोतीरावांनी लिहिली. महार-मांगांच्या वस्तीतले दुःख त्या वस्तीतल्या मुलीने स्वतः लिहिले. ते दुःख तिनेच सांगावे म्हणून तिच्या हातात पाटी देणारी शाळा जोतीराव-सावित्रीबाईंनी चालवली. ही दोन लेखने एकत्र वाचली तर शूद्र आणि अतिशूद्र यांची जोडी कागदावर पहिल्यांदा कशी उभी राहिली ते दिसते.

बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानले आणि १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला, तो उगाच नाही.

नाटककार मेला नाही

कमिटीने नाटक नाकारले म्हणून जोतीरावांतला नाटककार संपला का? नाही. 'गुलामगिरी' उघडून बघा. तो सगळा ग्रंथ जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादात आहे. एक विचारतो, दुसरा सांगतो. 'सत्सार'मध्ये आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'तही प्रश्नोत्तरे आहेत. त्यांनी छत्रपती शिवाजीराजांचा पवाडा लिहिला, अखंड लिहिले. जे लिहिले ते मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी, चावडीवर ऐकण्यासाठी. कारण त्यांचा वाचक निरक्षर होता! पुस्तक न वाचणाऱ्या माणसापर्यंत पोहोचायचे तर बोलले पाहिजे, गायले पाहिजे, करून दाखवले पाहिजे, हे त्यांना पहिल्याच पुस्तकात कळले होते.

या बीजातून पुढे सत्यशोधक जलसे उभे राहिले. गण-गौळणीच्या जागी समतेचा विचार आला. त्यातून आंबेडकरी जलसा आला. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी बाबासाहेबांचा संदेश गावोगाव नेला. १९५५ साली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाले. पुढे दलित रंगभूमी आली, प्रेमानंद गज्वींचे 'घोटभर पाणी' आले. २०१२ साली गो. पु. देशपांडे यांचे जोतीरावांवरील 'सत्यशोधक' हे नाटक अतुल पेठे यांनी पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन रंगमंचावर आणले. रात्रशाळेच्या वाटेवर निघालेल्या त्या कुणबी जोडप्याचे वारस १५७ वर्षांनी स्वतःच मंचावर उभे राहिले.

खान्देशातल्या पोरांनो, आता आपण

आपल्या खान्देशात वही गायनाची परंपरा आहे, तमाशाची आहे. भीमगीते गाणारी पोरे प्रत्येक वस्तीत आहेत. इतिहासही आहे. १९२९ साली चाळीसगावला सवर्ण टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना टांग्यात बसवायला नकार दिला, टांगा चालवण्याची सवय नसलेल्या आपल्याच माणसाने तो हाकला आणि बाबासाहेबांना अपघात झाला. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी आले, त्या आठवणीत दरवर्षी ३१ जुलैला हजारो माणसे जमतात. हा सगळा कच्चा माल आपल्या हाती आहे. पण आपल्या जयंत्यांमध्ये काय होते? डीजे आणि डिजिटल बॅनर. ११ ते १४ एप्रिल असा फुले-आंबेडकर सप्ताह मेहरूणमध्येही होतो आणि जिल्हाभर होतो. त्यातल्या एका रात्री 'तृतीय रत्न' का होऊ नये?

या नाटकाला पैसा लागत नाही. महाल नाही, पडदे नाहीत, पोशाख नाहीत. एक घर, एक देऊळ, एक रस्ता एवढेच दाखवायचे. पात्रे मोजकी आहेत. भाषा १८५५ ची आहे म्हणून पहिल्यांदा जाहीर वाचन करा. मग संवाद आजच्या बोलीत आणा, वाटल्यास अहिराणीत आणा. कुणब्याच्या बायकोचे काम मुलीनेच करावे. जोशाला नुसते हास्यास्पद करू नका. तो हुशार आहे, गोड बोलतो, म्हणूनच धोकादायक आहे. प्रेक्षकाला तो आधी खरा वाटला पाहिजे. आणि विदूषक वस्तीतल्या सगळ्यांत तिखट जिभेच्या पोराला द्या!

आणखी एक. हा प्रयोग फक्त आपल्या वस्तीत करू नका. तो कुणबी, माळी, कोळी, लेवा पाटील, मराठा यांच्या गावात करा. कारण हे नाटक त्यांच्याच घरातले आहे. कपाशीला भाव नाही म्हणून कर्जात बुडालेला आणि तरीही शांतीपूजेसाठी पुन्हा कर्ज काढणारा माणूस आज या गावांत बसलेला आहे. जोतीरावांना आपण एकट्यांनी सांभाळले, पण ते एकट्या आपले नाहीत. ज्याच्यासाठी त्यांनी पहिले पुस्तक लिहिले त्या कुणब्यापर्यंत ते पुस्तक अजून पोहोचलेले नाही. ते पोहोचवण्याचे काम कोणती कमिटी करणार नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.

आणि येत्या ५ नोव्हेंबरला व्यासपीठावरून कोणी मराठी नाटकाचा इतिहास सांगू लागला, तर सभागृहातून उठून शांतपणे एवढेच विचारा : "साहेब, १८५५ साली काय घडले?"

जय जोती! जय क्रांती! जय भीम!